उजेडाची शिल्लक

डोंगरात निघालेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. वाट किती किलोमीटरची, हा पहिला. आणि माथा किती उंच, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु दिवसभराच्या लांब चालीत ज्यावर सारे अवलंबून असते, तो तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शेवटचा उतार पायाखाली येईल तेव्हा हाती उजेड किती उरलेला असेल?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. वाट चुकलेल्या, अंधारात अडकलेल्या, पाणी संपलेल्या भटक्यांच्या शोधासाठी सह्याद्रीतील गावकऱ्यांना आणि बचाव पथकांतील स्वयंसेवकांना रात्री-अपरात्री डोंगर चढावा लागतो. त्याची बातमी होते तेव्हा कड्याला, धुक्याला किंवा पावसाला दोष दिला जातो. कडा मात्र शतकानुशतके तेथेच असतो आणि त्या ऋतूत धुकेही अपेक्षितच असते. पुष्कळदा चुकलेला असतो तो वेळेचा हिशेब.

गेल्या दोन-तीन दशकांत डोंगरभटकंतीचा छंद मूठभर गिर्यारोहण संस्थांच्या कक्षेबाहेर पडून घराघरांत पोहोचला आहे. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून सुटणाऱ्या गाड्यांत विद्यार्थी असतात, संगणक अभियंते असतात, शाळाशिक्षक असतात आणि आठवडाभर खिडकीमागे बसून रोकड मोजणारे बँक कर्मचारीही असतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. मात्र छंद जितका पसरला, तितकी त्यामागची शिस्त पसरली नाही. ती शिस्त एका वाक्यात सांगता येते. दिवसभराच्या चालीची आखणी सूर्यास्तापासून उलटी मोजीत करावी. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. आणि त्या वेळेला परत फिरणाऱ्याला कोणी अपयशी समजू नये.

तोरणा ते राजगड

एक उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. सह्याद्रीतील दिवसभराच्या वाटांमध्ये तोरणा ते राजगड या चालीला मानाचे स्थान आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येस, वेल्हे गावाच्या माथ्यावर तोरणा उभा आहे. त्याची उंची १४०३ मीटर. ‘प्रचंडगड’ हे त्याचे दुसरे नाव किती सार्थ आहे, हे पायथ्याशी उभे राहताच पटते. वेल्ह्याची वाट एका उघड्या सोंडेवरून वर चढत जाते. माथ्याजवळचा खडकाळ टप्पा रेलिंगच्या आधाराने पार केला की बिनी दरवाजा लागतो, त्यानंतर कोठी दरवाजा आणि पुढे मेंगाई देवीचे मंदिर. गडाच्या एका टोकास बुधला माची आहे. तेलाचा बुधला पालथा घालून ठेवावा तसा तेथील सुळका दिसतो, म्हणून हे नाव.

बुधला माचीवरून उतरले की तोरण्याला राजगडाशी जोडणारी डोंगरधार सुरू होते. या धारेवरून चालणाऱ्याच्या एका हाताला, उत्तरेस, कानंदी आणि गुंजवणी नद्यांचे खोरे असते. दुसऱ्या हाताला, दक्षिणेस, वेळवंडीचे खोरे आणि त्यात पसरलेले भाटघर धरणाचे पाणी. डिसेंबरच्या सकाळी खोऱ्यांतील धुके उन्हाबरोबर हळूहळू विरते आणि त्यातून आधी झाडांचे शेंडे, मग कौले, मग भातकापणी झालेली खाचरे वर येतात. धारेवरचे गवत एव्हाना सोनेरी झालेले असते. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेस लिंगाण्याचा सुळका आणि त्यामागे रायगड, ईशान्येस सिंहगड, पूर्वेस पुरंदर असे दुर्ग एकाच चालीत नजरेस पडतात. वाटेत एका खिंडीत वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता धार ओलांडतो. त्यापुढे पुन्हा चढ-उतार करीत वाट राजगडाच्या संजीवनी माचीला भिडते आणि अळू दरवाजातून गडावर प्रवेश होतो. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ती माची आणि तिची दुहेरी तटबंदी पाहत पद्मावती माचीवर यायचे, बालेकिल्ल्याला खालूनच नमस्कार करायचा आणि चोर दरवाजाने गुंजवणे गावात उतरायचे, असा हा दिवस असतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत राजगड आहे. साहजिकच या वाटेकडे वळणारी पावले वाढणार आहेत. म्हणूनच या वाटेचा हिशेब नीट मांडणे आवश्यक ठरते.

हिशेब उलटा मांडावा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या परिसरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस अवघा ११ तासांचा. सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश आपल्या अक्षांशावर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. युरोपातील प्रवासवर्णनांत वाचलेली, लांबत जाणारी संध्याकाळ सह्याद्रीत नसते. येथे अंधार पडदा सोडल्यासारखा येतो.

आता दिवसाच्या शेवटापासून मागे मोजत जावे. अर्धा तास राखून, म्हणजे साडेपाच वाजता, गुंजवण्यात पोहोचायचे असे ठरविले, तर राजगडाच्या उतारासाठी दोन तास धरून साडेतीन वाजता पद्मावती माची सोडली पाहिजे. संजीवनी माची चालून येण्यास एक तास धरला, तर अडीच वाजता अळू दरवाजात असावयास हवे. खिंडीपासून अळू दरवाजापर्यंत अडीच तास धरले, तर बरोबर दुपारी बारा वाजता खिंड ओलांडलेली असली पाहिजे. बुधला माचीपासून खिंडीपर्यंत तीन तास म्हणजे नऊ वाजता तोरणा सोडायचा. गड पाहण्यास एक तास आणि वेल्ह्याहून चढण्यास तीन तास धरले, तर निघण्याची वेळ येते पहाटेची पाच.

एकूण साडेबारा तास. दिवस मात्र ११ तासांचा. म्हणजे जमेपेक्षा खर्च जास्त, आणि ही तूट कुठून तरी भरून काढावीच लागणार. ती सकाळी भरून काढायची की संध्याकाळी, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. पहाटेच्या अंधारात चालताना पाय ताजे असतात, पाणी भरलेले असते, वाट मळलेली असते आणि प्रत्येक मिनिटागणिक उजेड वाढत असतो. संध्याकाळच्या अंधारात नेमके उलटे घडते. गुडघे थकलेले, बाटल्या रिकाम्या, उताराची वाट अपरिचित आणि प्रत्येक मिनिटाला उजेड कमी होत जाणारा. दोन्ही ठिकाणी अंधार तो अंधारच. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. सकाळी सात वाजता आरामात नाश्ता करून वेल्ह्याहून निघणारा गट हे दोन तास उसने घेतो आणि त्याचे व्याज संध्याकाळी भरतो.

चालीच्या वेळेचा अंदाज बांधण्याचा एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढासाठी आणखी एक तास, असा तो नियम. आजच्या मापात सांगायचे तर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढासाठी एक तास अधिक. त्यानुसार २० किलोमीटर अंतर आणि १२०० मीटर एकूण चढ असलेली वाट सहा तासांत पार व्हावी. परंतु हा अंदाज थंड हवेत, न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसासाठी आहे. सह्याद्रीतील ऊन, घसाऱ्याचे उतार आणि वीस जणांचा गट यांना तो लागू करणे धोक्याचे आहे. एखाद्या अवघड टप्प्यावर प्रत्येकाला तीन मिनिटे लागली, तरी वीस जणांच्या गटाचा तेथे पूर्ण एक तास खर्च होतो. त्या तासात कोणी एक पाऊलही चुकीचे टाकलेले नसते. तरीही तास गेलेलाच असतो.

राखीव म्हणजे उरलेले नव्हे

बँकेच्या व्यवहारात एक तत्त्व फार जुने आहे. ठेवीदारांनी विश्वासाने ठेवलेली सारी रक्कम बँक कधीही कर्जाऊ देत नाही. तिचा काही भाग रोख स्वरूपात आणि सहज मोडता येईल अशा रोख्यांत बाजूला ठेवावाच लागतो. या राखीव भागावर मिळकत नसते किंवा अगदी थोडी असते. त्यामुळे चांगल्या दिवसांत तो निरुपयोगी वाटतो. पण ठेवीदारांची रांग दारात उभी राहते त्या दिवशी बँक तरते ती याच निरुपयोगी वाटणाऱ्या रकमेवर. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राखीव निधी हा खर्च झाल्यावर उरलेला पैसा नसतो. तो खर्चाच्या आधी काढून ठेवलेला असतो.

डोंगरातील राखीवही तशीच असावी लागते. शेवटचा अर्धा लिटर पाणी, विजेरी आणि तिच्या जादा बॅटऱ्या, मूठभर गूळ-शेंगदाणे, एक उबदार कपडा, चार्ज असलेला पण बंद ठेवलेला एक मोबाईल, आणि या साऱ्यांच्या वर एक तासाचा उजेड. या गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या काढाव्यात आणि त्यांना हात लावू नये. पुष्कळ गट नेमके याच्या उलट वागतात. सकाळी भरपूर पाणी आहे म्हणून डोक्यावर ओतले जाते, भरपूर वेळ आहे म्हणून प्रत्येक बुरुजावर छायाचित्रे काढली जातात, आणि जे उरेल त्यावर संध्याकाळ निभावून नेण्याचा विचार असतो. ज्या संस्थेने अशा रीतीने कारभार चालविला असता, तिच्यात कोणी सुजाण ठेवीदार पैसे ठेवणार नाही. स्वतःच्या जिवाच्या ठेवीबाबत मात्र तोच ठेवीदार इतका निष्काळजी कसा होतो, हे कोडेच आहे.

बुडीत खर्चाचा मोह

या कोड्याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. जो खर्च होऊन गेला आणि कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, त्याला बुडीत खर्च म्हणतात. पुढचा निर्णय घेताना त्याचा विचार करू नये, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला लवकरच शिकविले जाते. तरीही व्यवहारात माणूस त्याचाच विचार सर्वांत अधिक करतो. थकलेल्या कर्जाचे व्याज भागावे म्हणून त्याच ऋणकोला नवे कर्ज दिले, तर खाते काही काळ सुदृढ दिसते आणि शेवटी तोटा दुप्पट होतो, ही गोष्ट बँकिंग क्षेत्राला नवी नाही. “एवढे दिले आहे, आता थोडे आणखी” हे वाक्य तेथे उच्चारले जाते. डोंगरात त्याचेच रूपांतर होते, “एवढे चढलो आहोत, आता थोडेच राहिले.”

थोडे राहिले आहे हे पुष्कळदा खरेही असते. पण निर्णय किती राहिले यावर घ्यायचा नसून, ते पार करून परत येण्यास पुरेसे बळ आणि उजेड उरतो का, यावर घ्यायचा असतो. माथा हा चालीचा मध्य आहे, शेवट नव्हे. ज्याचे श्रेय माथ्यावर पोहोचताच जमा करून घेतले जाते, त्याचे अर्धे देणे अद्याप फिटायचे असते.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण जगातील सर्वोच्च शिखरावर घडले. तोरण्याच्या मानाने तेथील उंची सहापटीहून अधिक. हिशेब मात्र तोच. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर अनेक मोहिमा एकाच वेळी होत्या. यॉरान क्रोप हा स्वीडिश गिर्यारोहक मायदेशाहून सायकलने नेपाळपर्यंत आला होता आणि कृत्रिम प्राणवायूशिवाय चढत होता. ३ मे रोजी तो शिखरापासून सुमारे शंभर मीटरवर पोहोचला. मागे हजारो किलोमीटरांचा प्रवास, समोर शंभर मीटर. पण उजेड असेपर्यंत परत येणे शक्य नाही, असे ध्यानी येताच तो मागे फिरला. त्यानंतर एका आठवड्याने, १० मे रोजी, ठरलेली परतीची वेळ टळून गेल्यावरही इतर मोहिमांतील अनेक जण वर चढत राहिले. सायंकाळी वादळ आले आणि त्या एका वादळात आठ जणांनी प्राण गमावले. त्यांत रॉब हॉल हा अत्यंत अनुभवी मार्गदर्शकही होता. विशेष हे की, याच हॉलने आदल्या वर्षी आपल्या ग्राहकांना शिखराच्या अगदी जवळून परत फिरविले होते. त्यांतील एक जण पुन्हा आला होता. या वेळी त्याला शिखर मिळाले, पण चार वाजून गेल्यावर. आणि दोघेही परतले नाहीत. क्रोप मात्र पुन्हा चढला आणि २३ मे रोजी शिखरावर पोहोचला. शंभर मीटर सोडून देणाऱ्याला शिखर मिळाले, कारण ते मिळविण्यासाठी तो जिवंत होता.

समोर दिसणारा धडा

माघार हा शब्द आपल्याकडे कमीपणाचा समजला जातो. ज्या डोंगरधारेवरून चालताना हा विचार मनात यावा, त्या धारेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहाच्या प्रचंड फौजेपुढे शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह केला. तहानुसार २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ स्वराज्यात राहिले. दिलेल्या किल्ल्यांत सिंहगड होता, पुरंदरही होता. राखलेल्या १२ मध्ये राजगड आणि तोरणा होते. १६७० मध्ये, म्हणजे पाच वर्षांच्या आत, सिंहगड आणि पुरंदर हे दोन्ही किल्ले स्वराज्यात परत आले.

तोरणा-राजगडाच्या धारेवर उभे राहून ईशान्येस सिंहगड आणि पूर्वेस पुरंदर पाहणारा प्रत्येक जण वस्तुतः हा ताळेबंदच पाहत असतो. पायाखाली राखलेले किल्ले आणि समोर सोडलेले व पुन्हा मिळविलेले. जे राखायचे ते कोणत्याही परिस्थितीत राखले, म्हणून जे सोडले ते परत मिळविता आले. गडाची रचनाही हेच सांगते. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. एक पडली तरी दुसरीच्या आधाराने गड लढता यावा, अशी त्यांची योजना आहे. पाली दरवाजाच्या प्रशस्त राजमार्गाबरोबर चोर दरवाजाची अरुंद वाटही आहे. ज्यांनी हा गड बांधला, त्यांनी येण्याची वाट बांधतानाच निघण्याच्या वाटेचाही विचार करून ठेवला होता. आजच्या भटक्याने त्यांच्या शौर्याबरोबर हा दूरदर्शीपणाही उचलावा.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आठवडाभर घड्याळाच्या काट्यावर नाचणारा माणूस डोंगरात जातो तो घड्याळ विसरण्यासाठी. तेथेही त्याच्या हाती वेळापत्रक दिले, तर डोंगरात जाण्याचे प्रयोजनच काय? दृश्य पाहत तास न् तास बसण्याचा आनंद मिनिटे मोजून मिळतो का?

या प्रश्नाचे उत्तर अनुभवी भटक्यांच्या वागण्यात मिळते. ज्याचा हिशेब सकाळीच चोख असतो, त्यालाच संजीवनी माचीच्या बुरुजावर अर्धा तास निवांत बसता येते; कारण तो अर्धा तास आपला आहे, हे त्याला ठाऊक असते. ज्याला दोन तासांचा उशीर झालेला असतो, तो त्याच बुरुजावरून धावत जातो. त्याला ना भाटघरचे पाणी दिसते, ना तटबंदीची घडण. घरखर्चाचे अंदाजपत्रक आखणाऱ्या कुटुंबाला सणासुदीला मोकळ्या हाताने खर्च करता येतो. महिनाअखेरीस उसनवारी करणाऱ्याला दिवाळीतही धास्ती असते. तोच न्याय येथेही लागू पडतो.

दुसरा आक्षेप मावळ्यांच्या नावाने घेतला जातो. ते रात्रीच्या अंधारात कडे चढत होते, मग आजच्या तरुणांनी संध्याकाळला का भ्यावे? मावळे याच खोऱ्यांत जन्मले आणि वाढले होते. येथील प्रत्येक ओहोळ त्यांच्या पायांना ठाऊक होता. आजही वेल्ह्याचा किंवा गुंजवण्याचा गुराखी अंधारात सुखरूप घरी येतो. शहरातून एका दिवसासाठी आलेल्या माणसाने त्याच्याशी बरोबरी सांगणे हे त्याच्या ज्ञानाला कमी लेखण्यासारखे आहे. त्यापेक्षा योग्य मोबदला देऊन त्यालाच वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे. गटाची सुरक्षितता वाढते आणि पायथ्याच्या घरात चार पैसे जातात.

कोणी काय करावे

काही गोष्टी प्रत्येक भटक्याच्या हातात आहेत. निघण्यापूर्वी वाटेवर एक निर्णयस्थान आणि एक निर्णयवेळ ठरवून ती कागदावर लिहावी. तोरणा-राजगड चालीत ते स्थान म्हणजे रस्ता ओलांडणारी खिंड आणि ती वेळ म्हणजे दुपारचे बारा. त्या वेळेपर्यंत खिंड गाठली नाही, तर चर्चा न करता रस्त्याने वेल्ह्याकडे उतरावे. चर्चा करायची ती आदल्या रात्री, जेव्हा मन शांत असते आणि राजगड समोरून खुणावत नसतो. तो कागद घरी एका जबाबदार व्यक्तीजवळ ठेवावा आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, हेही त्यावर लिहावे. गटाचा वेग सर्वांत मंद सदस्याच्या वेगाने मोजावा. गडावर मुक्काम करता येईल असे गृहीत धरू नये; परवानगी आहे किंवा नाही, हे आधी विचारून घ्यावे.

काही गोष्टी आयोजकांच्या हातात आहेत. पैसे घेऊन लोकांना डोंगरात नेणे हा आता एक व्यवसाय झाला आहे आणि त्यात गैर काही नाही. पण जाहिरातीत शिखर विकले, की परत फिरणे ही फसवणूक ठरू लागते. ग्राहक म्हणतो, पैसे भरले आहेत. आणि मार्गदर्शकाला नाही म्हणणे जड जाते. एव्हरेस्टवर जे घडले त्यामागे हा दबावही होता, असे पुढे अनेकांनी मांडले. यावर उपाय सोपा आहे. परतीची वेळ जाहिरातीतच छापावी आणि त्या वेळेनंतर गट पुढे नेला जाणार नाही, ही अट पैसे घेण्यापूर्वी वाचून दाखवावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली आहे. आयोजक नोंदणीकृत आहे का, मार्गदर्शक प्रशिक्षित आहे का आणि किती जणांमागे एक मार्गदर्शक आहे, हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. मुदत ठेव ठेवताना जो माणूस व्याजाचा दर तीन ठिकाणी विचारतो, त्याने येथे संकोचण्याचे कारण नाही.

गर्दीचा प्रश्न शासनाच्याही विचाराचा आहे. कर्नाटकातील कुमार पर्वत ही अशीच दिवसभराची लांब चाल. जानेवारी २०२४ मध्ये तेथे एकाच वेळी एवढी गर्दी उसळली की, त्यानंतर कर्नाटक शासनाने ऑनलाइन नोंदणीची सोय नसलेल्या वाटांवरील पदभ्रमण काही काळ थांबविले. गर्दीमुळे निसर्गाची हानी होते, हे सर्वजण बोलतात. गर्दीमुळे वेळही खर्च होतो, हे कोणी बोलत नाही. अरुंद वाटेवर शंभर माणसांच्या मागे उभा राहिलेला गट स्वतःची काही चूक नसताना अंधारात सापडतो. संख्येवर मर्यादा हा म्हणूनच सुरक्षिततेचाही उपाय आहे.

शेवटी, या हिशेबात एक खाते असे आहे की ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. वाट चुकलेल्यांना शोधण्यासाठी जे जातात त्यांचे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आणि पायथ्यांच्या गावांतील तरुण आपापले नोकरी-धंदे सांभाळून, स्वतःचा जीव धोक्यात घालून रात्री डोंगरात शिरतात. जे इतरांच्या चुकलेल्या वेळेची भरपाई आपल्या झोपेने आणि प्रसंगी आपल्या जिवाच्या जोखमीने करतात, त्यांचे नाव कोणाच्याही छायाचित्रात नसते. खिंडीत बारा वाजता मागे फिरणारा माणूस केवळ स्वतःला वाचवीत नाही; तो या अनोळखी माणसांना एक रात्र परत देतो.

राजगड शतकानुशतके उभा आहे आणि पुढच्या रविवारीही तो तेथेच असेल. एखाद्या दिवशी तो दुरूनच पाहून खिंडीतून उतरावे लागले, तर काहीही बुडालेले नसते. सिंहगड, पुरंदर, लिंगाणा, भाटघरचे पाणी, सोनेरी गवताची धार, एवढे सारे जमेला असते आणि पुढच्या फेरीसाठी मुद्दल शाबूत असते. ज्या बाजूने कसाही हिशेब केला, तरी हा व्यवहार नफ्याचाच आहे.